गॅस फायरचा धूरमार्ग असुरक्षित ठरला, तर पुढे काय? ब्रिटनमधील जुन्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले मराठी कुटुंब घर विकत घेते, तेव्हा अनेकदा ते व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन काळातले, एकाला एक लागून बांधलेल्या घरांच्या रांगेतले असते आणि आधीच्या मालकाने दिवाणखान्यात बसवलेला गॅस फायर, म्हणजे भिंतीतल्या शेकोटीच्या जागी (फायरप्लेसमध्ये) बसवलेले खोली तापवणारे गॅसचे उपकरण, घराबरोबर आपसूक पदरी पडतो. पहिल्याच तपासणीत तंत्रज्ञ तो बंद करून गेला की जे प्रश्न पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. कायद्याचे तपशील प्रामुख्याने इंग्लंडचे आहेत; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे काही नियम वेगळे आहेत.

चिमणी आणि फ्लू यांत फरक काय?

आपल्याकडे चिमणी म्हटले की कंदिलाची काच आठवते, ओट्यावरचा धूर ओढणारे यंत्र आठवते, नाहीतर सरळ अंगणातला पक्षी. येथे चिमणी म्हणजे जमिनीपासून छपराच्या वरपर्यंत गेलेले विटांचे बांधकाम, आणि फ्लू म्हणजे त्याच्या पोटातून वर जाणारी पोकळ वाट. तापाशी गल्लत नको म्हणून या पानावर तिला धूरमार्ग म्हटले आहे.

एका चिमणीत एकच धूरमार्ग असतो, हा समज मात्र आधीच सोडावा. जुन्या घरात प्रत्येक खोलीच्या फायरप्लेसचा स्वतंत्र धूरमार्ग असतो. खालच्या खोलीचा मार्ग वरच्या खोलीच्या फायरप्लेसला वळसा घालून जातो आणि छपराजवळ सगळे मार्ग शेजारी शेजारी येतात. त्यांच्यामध्ये केवळ अर्ध्या विटेची भिंत असते. सामाईक भिंतीवरच्या चिमणीत शेजारच्या घराचेही मार्ग असतात. रस्त्यावर उभे राहून छपरावरची मातीची नळकांडी मोजली, की एकेकाळी किती खोल्यांत कोळसा जळत होता याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

तंत्रज्ञाने फायरवर धोक्याचे लेबल लावले आहे. त्याचा अर्थ काय?

गॅस तंत्रज्ञ असुरक्षित परिस्थितीचे दोन वर्गांत वर्गीकरण करतात. पहिला ‘तत्काळ धोकादायक’, म्हणजे उपकरण चालवले किंवा गॅसला जोडलेले ठेवले तर जिवाला किंवा मालमत्तेला लगेच धोका आहे. दुसरा ‘जोखमीचे’, म्हणजे एक किंवा अधिक दोषांमुळे पुढे धोका उद्भवू शकतो. ज्वलनातून निघालेले वायू खोलीत परत येताना दिसले, तर ते प्रकरण पहिल्या वर्गात जाते. तंत्रज्ञ आपल्या परवानगीने गॅस तोडतो, लेबल लावतो आणि लेखी सूचना देतो. पहिल्या वर्गातील दोष असूनही आपण परवानगी नाकारली, तर तो गॅसच्या आपत्कालीन सेवेला कळवतो आणि त्या सेवेला पुरवठा तोडण्याचा अधिकार असतो.

लेबल काढून फायर पुन्हा पेटवणे हा गुन्हा ठरू शकतो. पाहुणे येणार आहेत, थंडी फार आहे, ही कारणे येथे चालत नाहीत.

इतकी वर्षे फायर व्यवस्थित चालत होता. आताच काय बिघडले?

बहुतेक वेळा आता काही बिघडलेले नसते. बिघाड फार जुना असतो आणि तो आता सापडलेला असतो. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

हे धूरमार्ग कोळशासाठी बांधलेले आहेत. साधारण नऊ इंच लांब-रुंद चौकोनी पोकळी आणि आतून गिलावा. हा गिलावा पारंपरिक पद्धतीत चुन्यात गाईचे शेण कालवून केलेला असे. सारवणाचे शेण आपल्या आज्यांच्या हाताखालून गेलेले आहे. तेच लंडनच्या चिमण्यांच्या आतही आहे हे कळले, की परकी वास्तू थोडी ओळखीची वाटू लागते. मातीच्या किंवा अन्य नळ्यांचे अस्तर नव्या चिमण्यांना सक्तीचे झाले ते १९६०च्या दशकाच्या मध्यापासून. त्याआधीच्या घरांत तो चुना-शेणाचा गिलावा हेच काय ते अस्तर.

डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर विषारी धुके पसरले आणि हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरांमध्ये घरोघरचा कोळसा हळूहळू बंद झाला आणि त्याच फायरप्लेसमध्ये गॅस फायर बसले. पुढे १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरची उपकरणे कोळशापासून बनवलेल्या शहरी गॅसवरून नैसर्गिक गॅसवर आणली गेली. उपकरणे बदलली, धूरमार्ग तोच राहिला.

आता गॅस जळताना काय होते ते पाहू. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. सहा किलोवॅट इंधनक्षमतेचा फायर तासाला अर्ध्या घनमीटरहून थोडा अधिक गॅस घेतो, म्हणजे एका संध्याकाळी तीन-चार लिटर पाणी चिमणीतून वर जायला निघते. कोळशाच्या आगीत भरपूर उष्णता धूरमार्गात जाई आणि विटा कोरड्या राहत. गॅस फायरचे वायू त्या मानाने थंड आणि मंद. नऊ इंची गार पोकळीत ते आणखी थंडावतात आणि वाफेचे पाणी भिंतीवर धरते. जुन्या काजळीतली गंधकाची संयुगे त्या पाण्यात विरघळतात, विटांमधला मसाला फुगतो, भुसभुशीत होतो, गिलाव्याचे पोपडे खाली पडतात. चिमणीच्या भिंतीवर, विशेषतः वरच्या मजल्यावर, कितीही रंग दिला तरी पुन्हा उमटणारा तपकिरी डाग हे त्याचे बाहेरून दिसणारे लक्षण. मधल्या अर्ध्या विटेच्या भिंतीतला मसाला गेला, की एका मार्गातले वायू दुसऱ्यात शिरतात.

म्हणजे फायर नवा असो वा जुना, दोष फायरमध्ये नसून जी वाट डोळ्यांना दिसत नाही तिच्यात असतो. नवा फायर विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही, ही गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत.

नेमका धोका कशाचा आहे?

कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, धाप, थकवा ही लक्षणे इन्फ्लुएंझासारखी वाटतात, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर गेले की बरे वाटते, असे आढळले तर फायर बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत, सगळ्यांनी बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ या चोवीस तास चालणाऱ्या गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. कोणी बेशुद्ध असेल किंवा गंभीर लक्षणे असतील तर ९९९. त्यानंतर डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका आपणहून सांगावी, कारण लक्षणे पाहून ती सहज सुचत नाही.

धूरमार्गाची तपासणी कशी होते?

तपासणीचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे समजून घेणे फार उपयोगाचे आहे.

पहिला भाग धूरमार्गाचा. आधी चिमणी झाडून घ्यावी लागते, कारण काजळी आणि पडलेला राबिट यांच्यामागे काय आहे ते त्याशिवाय कळत नाही. मग फायर बाजूला काढून, गरज पडल्यास धूरमार्ग थोडा तापवून, तळाशी धुराची गोळी पेटवतात. पांढरा दाट धूर वर चढतो. एकाने बाहेर उभे राहून तो नेमक्या आपल्याच नळकांड्यातून आणि फक्त त्यातूनच बाहेर पडतो का हे पाहायचे. दुसऱ्याने घरातल्या प्रत्येक खोलीत, बंद केलेल्या जुन्या फायरप्लेसपाशी आणि माळ्यावर जाऊन धूर कुठे झिरपतो का हे पाहायचे.

दुसरा भाग उपकरणाचा. फायर परत बसवून, दारे-खिडक्या लावून, तो काही मिनिटे चालवल्यावर त्याच्या वरच्या कडेशी धुराची काडी धरतात. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत वळला तर फायर आणखी दहा मिनिटे चालवून पुन्हा पाहतात. तरीही वळला तर फायर बंद.

आमच्या घरी तीन वर्षे केवळ हा दुसरा भाग होत होता. काडीचा धूर आज्ञाधारकपणे आत जाई, कागदावर बरोबरची खूण होई. चौथ्या वर्षी आलेल्या तंत्रज्ञाने गोळी पेटवली आणि मला वर पाठवले. वरच्या निजायच्या खोलीत, बंद फायरप्लेसच्या बाजूला भिंतीतले कपाट आहे. त्यात भारतात जाण्याच्या बॅगा ठेवलेल्या असतात. कपाट उघडले तर बॅगांच्या मागून, भिंत आणि जमिनीलगतची लाकडी पट्टी यांच्या फटीतून, उदबत्तीसारखी धुराची सरळ रेघ वर चढत होती. दिवाणखान्यात मात्र धुराचा मागमूस नव्हता. म्हणून तपासणीच्या दिवशी ‘वरच्या खोल्या पाहणार ना?’ असे नम्रपणे, पण न विसरता विचारावे.

शंका राहिल्यास कॅमेरा आत सोडून भिंतींची अवस्था पाहता येते. पडलेल्या विटा, चुकीचे वळण किंवा मधल्या भिंतीतले भोक त्यात स्पष्ट दिसते.

धुराची गोळी दुकानात मिळते. ही चाचणी आम्हीच केली तर?

नको. फायर काढणे आणि परत जोडणे हे गॅसचे काम आहे, आणि निकालाचा अर्थ लावायला अनुभव लागतो.

प्रत्येक जुन्या धूरमार्गाला लायनर घालावाच लागतो का?

नाही. विटांचा मार्ग भक्कम असेल, झाडून स्वच्छ केला असेल आणि धुराच्या चाचणीत उतरला असेल, तर अनेक गॅस फायर त्यावर लायनरशिवाय, म्हणजे आतून घातलेल्या नळीच्या अस्तराशिवाय, चालू शकतात. अंतिम शब्द त्या फायरच्या उत्पादकाच्या सूचनांचा असतो. चाचणीत नापास झालेला मार्ग मात्र दुरुस्त केल्याशिवाय वापरता येत नाही.

दुरुस्तीचे पर्याय कोणते?

गॅस फायरसाठी सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलचा लवचीक, वळ्यावळ्यांचा लायनर. साध्या गॅस फायरसाठी तो बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाचा असतो. वायूंना लहान, लवकर तापणारी वाट मिळते, त्यामुळे ओढ वाढते आणि विटांशी त्यांचा संबंधच उरत नाही.

येथे एक घोळ नेहमी होतो. उघड्या जाळीत निखाऱ्यांसारखे दिसणारे शोभेचे गॅस फायर असतात; त्यांना मोठी वाट लागते, सामान्यतः किमान १७५ मिलिमीटर. आधी १२५चा लायनर घालून घेतला आणि मग दुकानात तसला फायर आवडला, तर लायनरचा खर्च पाण्यात जातो. म्हणून फायर आधी ठरवावा, त्याच्या सूचना वाचाव्यात आणि मग लायनरचा व्यास ठरवावा.

दुसरा उपाय म्हणजे रबरी नळा धूरमार्गात फुगवून त्याच्याभोवती उष्णतारोधक काँक्रीट ओतणे आणि ते घट्ट झाल्यावर नळा काढून घेणे. याने कमकुवत चिमणीला आतून बळकटी मिळते आणि पुढे लाकूड जाळायचे असेल तरी मार्ग चालतो. पण काम महाग आहे आणि परत फिरवता येत नाही. तिसरा उपाय मातीच्या किंवा हलक्या दगडी मिश्रणाच्या नळ्या एकावर एक उतरवण्याचा. त्यासाठी वळणांच्या ठिकाणी भिंत फोडावी लागते. केवळ एका गॅस फायरसाठी हे दोन्ही उपाय मला अतिरेकी वाटतात, मात्र छपरावरची चिमणीच कललेली असेल तर लायनर घालणे म्हणजे मोडक्या भिंतीला नवा पडदा लावणे. तेथे आधी गवंडीकाम.

लायनर बसवण्याच्या दिवशी काय होते?

दोन माणसे लागतात. छपरावर पोहोचण्यासाठी परांची किंवा छताची शिडी लावलेली असते. वरचा माणूस दोर खाली सोडतो, खालचा तो पकडतो; लायनरच्या टोकाला निमुळती टोपी बसवलेली असते आणि वरून ढकलत, खालून ओढत तो वळणांतून उतरवला जातो. तो वर्षानुवर्षांची काजळी घेऊन येतो, त्यामुळे गालिचा आणि सोफा झाकलेले असले तरी पडदे आदल्या दिवशी काढून ठेवावेत.

लायनर वरपासून खालपर्यंत अखंड असला पाहिजे, मध्ये सांधा चालत नाही. वर तो पट्टीने घट्ट पकडून नळकांड्यात सीलबंद करतात आणि त्यावर गॅससाठी मान्य असलेले टोपण बसवतात. खाली धातूच्या पत्र्यातून तो फायरच्या मागच्या पोकळीत येतो. लायनर आणि जुन्या विटा यांच्यातली मोकळी जागा वर आणि खाली दोन्हीकडे बंद करायची असते. फायरच्या मागच्या झाकणपत्र्याची चिकटपट्टी नीट बसली नसेल, तर खोलीची हवा भलत्याच फटीतून ओढली जाते आणि चांगला लायनरही नीट ओढत नाही. शेवटी वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्या पुन्हा.

त्याच लायनरला पुढे लाकडाची शेगडी जोडता येईल का?

गॅससाठीचा एकपदरी लायनर असेल तर अजिबात नाही. घन इंधनाला दुपदरी लायनर लागतो.

लायनर घातला, तरी फायर खोलीत वायू सोडतो. आता काय?

धूरमार्ग हवा वर नेतो, म्हणजे तेवढी हवा खोलीत कुठून तरी यावी लागते. दुहेरी काचांच्या खिडक्या, फटी बुजवलेली लाकडी जमीन आणि ‘गार वारा येतो’ म्हणून चिकटपट्टीने बंद केलेली भिंतीतली जाळी, अशा घरात चिमणीला ओढायला हवाच उरत नाही. ती जाळी कधीही बंद करू नये.

दुसरे कारण मराठी घरांत विशेष आढळते. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढून एकच मोठी खोली केलेली असते आणि ओट्यावर चांगला जोरकस पंखा बसवलेला असतो. खमंग फोडणीसाठी तो पूर्ण वेगाने लावला, की तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी हवा सर्वात सोप्या वाटेने, म्हणजे चिमणीतून उलटी खाली येते. म्हणून उपकरणाची चाचणी घरातले असे सर्व पंखे पूर्ण वेगाने चालू ठेवूनही करायची असते. स्वयंपाकघरात पंखा आहे हे तंत्रज्ञाच्या लक्षात आले नाही, तर आपण आठवण करावी. उपाय बहुधा जास्तीची हवा आत आणण्याचा असतो, किंवा मग पंखा तरी बदलावा लागतो.

आमचे घर १९७०च्या दशकातले आहे. छपरावर विटांची चिमणी दिसत नाही.

मग धूरमार्ग भिंतीत बसवलेल्या अरुंद, तयार काँक्रीट ठोकळ्यांचा असण्याची शक्यता आहे. बांधताना सांध्यांतला मसाला आत ओघळून वाळला असेल तर तो वाट अडवतो, आणि इतक्या अरुंद पोकळीत नेहमीचा गोल लायनर मावत नाही. अशा मार्गासाठी चालणारे फायर मोजकेच असतात. उत्पादकाच्या सूचनांत तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय फायर घेऊ नये.

चिमणीत पक्ष्याचे घरटे आहे. लगेच काढता येईल का?

जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातला लहान पक्षी वसंतात काटक्या टाकून टाकून धूरमार्ग हातभर, कधी त्याहून बराच खोल भरून टाकतो. वापरात असलेले घरटे १९८१च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पिले उडून जाईपर्यंत थांबावे लागते आणि तोवर फायर बंद ठेवावा लागतो. नंतर झाडून, मान्य टोपण लावून घ्यावे. साधी कोंबडीची जाळी गुंडाळून लावणे टाळावे. ती काजळीने भरते.

काम कोणाला द्यावे?

गॅसशी संबंधित काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या व्यक्तीनेच करायचे, असा नियम आहे, ही नोंदवही ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९पासून जुन्या ‘कॉर्गी’ या नोंदवहीची जागा घेऊन आली. तंत्रज्ञाच्या ओळखपत्राची मागची बाजू अवश्य पाहावी. बॉयलरचे काम येणाऱ्याला गॅस फायरचे काम करण्याची पात्रता असतेच असे नाही, आणि कोणती कामे करता येतात त्याची यादी तेथेच असते. चिमणी झाडणारा कारागीर झाडण्याचे आणि पाहणीचे काम उत्तम करू शकतो, पण स्वतः नोंदणीकृत नसेल तर त्याने फायरला हात लावू नये.

घर वारसा म्हणून सूचीबद्ध असेल, तर छपरावरची नळकांडी बदलण्याआधी स्थानिक परिषदेकडे विचारणा करावी. सामाईक भिंत कापायची असेल तर १९९६च्या सामाईक भिंत कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना आगाऊ सूचना द्यावी लागते. कायदा लागू नसला तरी धुराच्या चाचणीच्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगून ठेवावे. त्यांच्या कपाटातून धूर निघाला, तर ती माहिती दोन्ही घरांच्या कामाची असते.

घर भाड्याने दिले असेल तर?

गॅसची उपकरणे आणि त्यांचे धूरमार्ग यांची दर १२ महिन्यांनी तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे; अहवालाची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२२पासून इंग्लंडमध्ये गॅस फायर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावावा लागतो.

अलार्म कुठे लावावा?

फायरपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरवर. भिंतीवर असेल तर दारे-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. पडद्यामागे किंवा देव्हाऱ्यातल्या समईच्या अगदी वर नको. वरच्या खोलीतून चिमणी जात असेल तर तेथेही एक लावावा. आमच्या बॅगांच्या कपाटात आता आहे.

खर्च किती येतो?

आकडा घरागणिक बदलतो, पण त्याची घडण सारखीच असते: लायनर स्वस्त, परांची महाग. म्हणून अंदाजपत्रक मागताना झाडणे, परांची, लायनर, टोपण, झाकणपत्रा आणि शेवटच्या चाचण्या वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. परांची उभी आहेच तर छपराजवळची शिशाची पट्टी आणि विटांमधला मसाला यांचेही काम त्याच वेळी उरकून घेणे शहाणपणाचे.

एवढे सगळे करण्यापेक्षा गॅस फायर काढूनच टाकला तर?

तोही रास्त निर्णय आहे, आणि केंद्रीय उष्णता यंत्रणा व्यवस्थित असलेल्या घरात बहुधा तोच स्वस्त. बाहेरच्या भिंतीला लागून जागा असेल, तर खोलीची हवा न वापरता भिंतीतून बाहेरची हवा घेणारा आणि तेथेच वायू सोडणारा बंदिस्त फायर बसवता येतो. त्याला जुन्या चिमणीची गरजच नसते. काहीच नको असेल, तर नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून गॅसची नळी योग्य ठिकाणी बंद करून घ्यावी. मात्र फायरप्लेसचे तोंड विटांनी पूर्ण लिंपू नये: वर पाऊस अडवणारे पण हवा जाऊ देणारे टोपण आणि खाली भिंतीत लहान जाळी ठेवावी, नाहीतर आत साचलेला ओलावा एका हिवाळ्यात तोच तपकिरी डाग घेऊन पुन्हा भिंतीवर येतो.